टेलरबाईंची मापाची वही

दुकान उघडलं की टेलरबाईंचं पहिलं काम म्हणजे मशीनला तेल घालणं. मशीन जुनं, पायाने चालवायचं, आणि चालताना इतकं कुरकुरायचं की लेकीने लहानपणीच त्याचं नाव ठमी ठेवलं होतं. ठमीच्या डोक्यावरच्या फळीवर एक जाड पुठ्ठ्याची वही असे. अठ्ठावीस वर्षांत वस्तीतल्या बहुतेक बायका त्या वहीत जाऊन बसल्या होत्या. कुणाची कंबर बाळंतपणानंतर किती सुटली, कुणाचा डावा खांदा उतरलाय, कुणाच्या पाठीला बाक येऊ घातलाय, सगळं त्यात होतं. एखादीने दुसरीचं माप विचारलंच, तर टेलरबाई दोन टाचण्या दातांत धरायच्या. तोंडात टाचण्या असल्यावर माणूस बोलणार कसा?

अशा बाईच्या घरात हे घडावं, याचाच राग जास्त येतो.

त्या दिवशी दुपारी लेक शाळेतून आली ती हातात एक छापील फॉर्म घेऊन. बालवर्गातली पोरं तिला चिऊताई म्हणत, कारण ती वर्गात शिरताना चिवचिवाट करूनच शिरायची. आठ वर्षं ती त्या शाळेत शिकवत होती.

"आई, तुझी पाठ रोज ओरडतेय. उद्या अंथरूण धरलंस तर काय करायचं आपण? दोघींचा विमा काढू या. आधी नुसतं विचारू, हप्ता किती पडेल ते."

"नुसतं विचारायला एवढं मोठं बाड?"

फॉर्म खरंच मोठा होता. वय, वजन, पत्ता, डॉक्टरांचं नाव, चालू औषधं, घरातले जुने आजार, नोकरीच्या ठिकाणचा फोन. चिऊताई एकेक रकाना वाचत होती, आणि टेलरबाई एका कोटाची बाही लावत होत्या.

"आई, मला लहानपणी फिट यायच्या ते लिहू का? वीस वर्षं झाली, एकही आलेली नाही."

"लिही की. माप खरं द्यावं. चोरून दिलंस तर विमा अंगाला बसायचा नाही."

"आणि शाळेचा फोन?"

"रकाना आहे ना? मग भर."

"खाली काहीतरी बारीक अक्षरात आहे गं."

"ते वाचायला भिंग लागेल. कर सही आणि जेवायला बस."

कापडाचा ताका उलगडून, उजेडात धरून, काठ चोळून पाहिल्याशिवाय हात न लावणारी ही बाई! तिने लेकीचा सगळा देह एका अनोळखी टेबलावर न तपासता पसरू दिला. वाचकहो, हसू नका. आपण शेवटची बारीक अक्षरं कधी वाचली होती, ते आठवून पाहा.

फॉर्म चिऊताईने विमा कंपनीच्या चौकातल्या शाखेत नेऊन दिला. फक्त तिथेच. तिसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. कर्ज हवंय का, प्लॉट हवाय का, वजन कमी करायचंय का. आठव्या दिवशी एक फोन शाळेच्या कार्यालयात गेला. तो मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनीच उचलला. पलीकडचा माणूस आवाजात मध घालून म्हणाला, "तुमच्याकडे फिट येणाऱ्या एक शिक्षिका आहेत ना? त्यांच्यासाठी आमच्याकडे खात्रीचं औषध आहे."

संध्याकाळी चिऊताई घरी आली आणि पिशवी न ठेवता तशीच उभी राहिली.

"काढलं मला."

"काय म्हणतेस?"

"मोठ्या बाई म्हणाल्या, पालकांच्या कानावर गेलंय. पोरांसमोर कधी पडलीस तर जबाबदारी कोण घेणार? आठ वर्षांत पडले का मी एकदा तरी? हे मी विचारलं. त्या म्हणाल्या, तू आमच्यापासून लपवलंस." तिने पिशवी खाली आपटली. "मी लपवलं नाही गं आई. मी तर लिहून दिलं होतं."

टेलरबाईंनी ती पिशवी उचलून खुंटीला अडकवली. माप खरं द्यावं, हे सांगणारी त्यांचीच जीभ होती. रात्रभर... नाही, रात्रीचं रडणं सांगून तुमचा वेळ घेत नाही. सकाळी त्यांचे डोळे कोरडे होते आणि डोक्यात एकच गोष्ट होती. ज्याने हे केलं त्याला सोडायचं नाही.

पहिला घाव शाळेवर पडला. नव्या वर्षाच्या गणवेशांचं कापड त्यांच्याकडे येऊन पडलं होतं. त्यांनी ते हातगाडीवर लादलं, शाळेच्या व्हरांड्यात नेऊन उतरवलं, आणि मोठ्या बाईंना सांगितलं, "माझ्या लेकीच्या हातून पोरं बिघडतात म्हणे. मग माझ्या हातचे कपडे तरी त्यांनी कशाला घालायचे?"

"अहो, आमचाही नाइलाज असतो," मोठ्या बाई म्हणाल्या.

"असेल. गणवेश शिवायला कोण मिळतं ते बघा आता."

पण हे किरकोळ होतं. बातमी शाखेतूनच फुटली, हे सिद्ध कसं करायचं? शिलाईत दोष कुठे आहे ते कळत नसेल, तर टेलरबाई वेगळ्या रंगाचा दोरा घालून टीप मारून बघत. इथेही त्यांनी तेच केलं. शाखेत जाऊन नवा फॉर्म आणला आणि मशीनच्या नावाने भरला. नाव ठमी. वय त्रेचाळीस. तक्रार गुडघेदुखी, चालताना कुरकुर. फोन दुकानाचा. हा फॉर्मही फक्त त्याच शाखेत दिला.

पाचव्या दिवशी फोन वाजला. "ठमीबाई आहेत का? गुडघ्यांसाठी एक फार गुणकारी तेल आहे."

"ठमीला तेल मीच घालते रोज," टेलरबाई म्हणाल्या, "पण तुम्हाला तिचा पत्ता कुणी दिला?"

फोन कट झाला. चिऊताई इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता रडली. तारीख, वेळ, नंबर, सगळं तिने कागदावर टिपून घेतलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास टेलरबाई शाखेत गेल्या. बाकांवर सात-आठ गिऱ्हाइकं बसली होती. टेलरबाईंच्या काखेत मापांची वही होती.

शाखेचे साहेब काचेच्या खोलीत बसले होते. दार उघडंच होतं. टेलरबाईंनी ते लोटलं नाही. त्यांना ते उघडंच हवं होतं.

"बाई, तुमच्या मुलीने सही केली आहे," साहेब फॉर्मच्या तळाशी बोट ठेवून म्हणाले. "सहयोगी संस्थांना माहिती देण्यास हरकत नाही, असं स्पष्ट लिहिलंय."

"तेलवाला तुमचा सहयोगी का? आणि फिटचं औषध विकणारा तो भोंदू?"

"हळू बोला. बाहेर लोक आहेत."

"लोकांसाठीच बोलतेय." टेलरबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि खणखणीत आवाजात मोजायला सुरुवात केली. "छाती बेचाळीस. पोट अठ्ठेचाळीस, श्वास धरून. पँट कमरेत दोनदा उसवून वाढवलीय, आता आत कापड उरलेलं नाही. उजव्या बुटात जाड तळ घातलाय, म्हणजे तो पाय अर्धा इंच आखूड."

बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांचा चेहरा लालबुंद झाला.

"हा काय प्रकार आहे? माझी खासगी बाब आहे ही!"

"असं होय? तुमचा अर्धा इंच खासगी, आणि माझ्या लेकीच्या फिट मात्र बाजारात?" मग त्यांनी वही टेबलावर ठेवली. "ही ओळखता ना? तुमच्या घरचीही मापं आहेत हिच्यात. तीन वर्षांपूर्वीचं पान उघडू का इथे, सगळ्यांसमोर?"

साहेबांच्या चेहऱ्यावरचा सगळा रंग उतरला. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नीचं मोठं ऑपरेशन झालं होतं. छातीची एक बाजू काढावी लागली होती. त्यानंतर तिचा प्रत्येक पोशाख आतून मऊ अस्तर भरून टेलरबाईंनीच शिवला होता, आणि कुणाला त्याचा अंदाजही येऊ दिला नव्हता.

"नको," ते पुटपुटले. "हात जोडतो. नको."

खरं सांगायचं तर त्या क्षणी टेलरबाईंना गोड वाटलं. तो माणूस घामाघूम झालेला बघून त्यांचं काळीज थंड झालं. त्यांनी वही उघडली नाही, एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि ताठ मानेने बाहेर पडल्या. घरी येऊन त्यांनी पोटभर जेवण केलं.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या दारात साहेबांची पत्नी उभी होती. टेलरबाईंनी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"माझं पान द्या."

"अहो, मी नाव घेतलं नाही. वही उघडलीसुद्धा नाही."

"माहितीये. पण नेलीत ना? माझं अंग काखेत मारून तिथे नेलंत आणि त्याचा धाक घातलात." तिचा आवाज शांत होता, आणि म्हणूनच तो ऐकवत नव्हता. "काल घरी आल्यावर ते थरथरत होते. माझ्यासाठी नाही, स्वतःच्या अब्रूसाठी. पण तुमच्यावर माझा विश्वास होता. त्यांच्यावर कधीच नव्हता."

टेलरबाईंनी हातातल्या टाचण्या खाली ठेवल्या.  त्यांनी कात्री घेतली, पान शिवणीपासून सरळ कापलं आणि दोन्ही हातांनी तिच्या हातात दिलं.

"चुकले मी," त्या म्हणाल्या. "माफ करा असं म्हणायलाही तोंड नाही."

तिने पानाची घडी करून पर्समध्ये ठेवली. जायला वळली आणि थांबली.

"तुमची तक्रार लिहून झालीय का?"

"चिऊ लिहितेय. तक्रार कार्यालयात उद्या द्यायचीय."

"साक्षीदार म्हणून माझं नाव घाला. नावांच्या याद्या ते घरच्या जेवणाच्या टेबलावर उतरवून काढायचे, दर रविवारी. न्यायला एक माणूस यायचा, भेटवस्तू घेऊन. मी त्यांना चहा नेऊन द्यायचे." तिने पर्सची चेन लावली. "त्या यादीत मी माझंही नाव पाहिलंय, बाई. आजारासकट. महिन्याला ठरलेली नावं भरून द्यायची होती म्हणे."

आतून चिऊताई लेखणी घेऊन बाहेर आली. साहेबांच्या पत्नीने उभ्याउभ्याच सही केली, पूर्ण नावाने, ठसठशीत.

त्या आठवड्यात टेलरबाईंनी वही उसवली. एकेका बाईला बोलावून तिचं तिचं पान तिच्या हातात दिलं. यापुढे माप जिचं तिच्याकडे राहील, शिवायला येताना घेऊन यायचं. काही जणींनी चेष्टा केली, दोघी-तिघी पान वाचून डोळे पुसत गेल्या. शाळेने चिऊताईला अजून परत घेतलेलं नाही. गणवेश मात्र अजून कुणी शिवून दिलेले नाहीत, आणि पालकांपैकी चार आया मोठ्या बाईंना जाब विचारायला गेल्या आहेत. साहेबांना खुर्चीवरून उठवलं आहे. सुनावणी येत्या गुरुवारी आहे. टेलरबाईंनी त्या दिवसासाठी लेकीला नवा कोट शिवायला घेतला आहे, आणि साहेबांना तो नीट दिसावा म्हणून रंग मुद्दाम लाल निवडला आहे.

काल दुपारी त्या कोटाची कॉलर बसवत असताना दुकानाचा फोन वाजला.

"नमस्कार मॅडम, विम्याची चौकशी केली होती ना आपण? फक्त थोडी माहिती हवी होती."

"देते की," टेलरबाई म्हणाल्या. त्यांनी ठमीचं चाक हाताने थांबवलं आणि कागद पुढे ओढला. "आधी तुमची घेऊ. पूर्ण नाव सांगा. घरचा पत्ता. तुमच्या साहेबांचा फोन नंबर. आणि घरात कुणाला काय दुखणं आहे, एकेकाचं सांगा. मी लिहून घेतेय."

"माझी? माझी कशाला मॅडम?"

"घाबरता कशाला?" टेलरबाई म्हणाल्या. "पण माप खरं द्या हं. चोरून दिलंत तर बसायचं नाही."