बासरीच्या अंगावरचं विष

मी एक जुनी माओरी बासरी आहे आणि मित्रांनो, आधीच सांगते, मी चटकन कुणावर विश्वास ठेवत नाही. कुणी माझं कौतुक करू लागलं, की मला त्याचा संशय येतो. असं का, ते माझी गोष्ट ऐकलीत की कळेल.

माझा जन्म न्यूझीलंडमधल्या एका माओरी गावातला. आमच्या भाषेत मला कोआउआउ म्हणतात. मी जेमतेम वीतभर लांब आणि तीन भोकांची. गावातल्या एका आजोबांनी कठीण लाकूड आतून पोखरून मला घडवलं. बाळंतिणीला धीर यावा म्हणून मला तिच्या उशाशी वाजवत. कुणी गेलं, की निरोपालाही मीच. बाकीच्या वेळी मी गावाच्या कोरीव सभाघरात टांगलेली असे.

एकदा तिथे एक परदेशी पाहुणा आला. लोकांनी त्याला जेवू घातलं. माझे सूर ऐकून त्याने डोळे पुसले. सकाळी तो निघाला, तेव्हा मी त्याच्या सदऱ्यात गुंडाळलेली होते. तेव्हापासून रडणाऱ्या पाहुण्यांचा मी धसका घेतला आहे.

या हातातून त्या हातात जात मी जर्मनीत, ड्रेस्डेनच्या एका संग्रहालयात पोहोचले. सुरुवातीला लोक काचेला नाक लावून मला बघत. पुढे नवलाई संपली आणि मला तळघरातल्या कपाटात ठेवलं. कीड लागू नये म्हणून एका माणसाने मला कसलीशी पांढरी पूड चोळली. किती हळुवार हात होता त्याचा! तो गेल्यावर मात्र माझं अंग मलाच परकं वाटू लागलं.

मग अलीकडे उल्का आली. ती मूळची पुण्याची. जुन्या वस्तूंच्या अभ्यासात पीएचडी करायला ती इथे आली आणि इथेच तिने संसार मांडला. संग्रहालयातल्या वस्तूंवर काय काय चोळलंय ते तपासायचं काम तिच्याकडे होतं. तिने माझ्यावर पिस्तुलासारखं एक यंत्र रोखलं. माझ्या मनात आलं, आता हिला काय हवं आहे?

तेवढ्यात तिच्या मुलीचा, ऊर्जाचा, फोन आला.

"डबा खाल्लास का गं?" उल्काने विचारलं.

"या, ममा," असं जर्मनमध्ये 'हो' म्हणून ऊर्जा पुढचंही सगळं जर्मनमध्येच बोलत सुटली.

"अगं, मराठीत सांग ना!" उल्का म्हणाली, पण फोन बंद झाला होता. ती यंत्राकडे वळली आणि तिचा चेहरा उतरला.

"आर्सेनिक! अगं बाई, केवढं हे विष!"

तिने लगेच विभागप्रमुख सायडेलबाईंना, फ्राऊ सायडेलना, बोलावलं. फ्राऊ सायडेल दार लावून घेत म्हणाल्या, "उद्या हिच्या गावची एक बाई येते आहे. आत्ता हे बाहेर फुटलं तर आपली छी-थू होईल. हात लावायचा नाही असा नियम आहे, एवढंच सांगा."

"पण त्यांनी ओठांना लावली तर?"

"म्हणून तर नियम आहे. कळलं ना?"

उल्का काहीच बोलली नाही. गप्प बसणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती. ही त्यातलीच एक, असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी वाइमारी नावाची पिकल्या केसांची बाई आली. गावाने तिला माझ्यासाठी पाठवलं होतं. मला पाहताच ती रडू लागली. मी म्हटलं, झालं! मग ती माझ्याशी माओरीत बोलली, पण शब्दाशब्दाला अडखळत. आमच्या माणसाची जीभ आमच्याच भाषेत अडखळेल का? ही कुणी भलतीच तर नाही?

संशय तिलाही आलाच होता. "हात का नाही लावायचा?" तिने विचारलं.

"नियम आहे," फ्राऊ सायडेल म्हणाल्या.

वाइमारी उल्काकडे वळली. "तुला तरी खरं कारण ठाऊक असेल?"

उल्का बुटांकडे बघत म्हणाली, "नियमच आहे."

"तुमचे नियम!" असं म्हणून वाइमारीने मला उचललं आणि थेट ओठांकडे नेलं. कितीतरी वर्षांनी मला माणसाच्या श्वासाची ऊब जाणवली. मला तो श्वास हवा होता. विष माझ्याच अंगावर होतं, तरीही हवा होता.

"अहो, नको! विष आहे ते!" उल्का मराठीतच किंचाळली आणि तिने वाइमारीचं मनगट धरलं.

"सोड! हाही तुमचा नियम वाटतं?"

उल्काने इंग्रजीत सांगितलं, "कीड लागू नये म्हणून इथल्याच माणसांनी आर्सेनिक लावलंय. मला कालच कळलं होतं. मी बोलायला हवं होतं."

वाइमारीने मला टेबलावर ठेवलं. हात धुतले. तरी तिचा विश्वास बसेना. गळ्यातला हिरवा दगड काढून ती म्हणाली, "आधी हा तपास. यातही विष निघालं, तर तुझं यंत्र खोटं."

उल्काने दगड तपासला. तो स्वच्छ होता. मग यंत्र माझ्यावर धरलं आणि पडद्यावर आर्सेनिकची रेघ सरळ वर चढली. वाइमारीने दगड परत गळ्यात घातला.

"आमचा आवाज सांभाळतो म्हणालात," ती फ्राऊ सायडेलना म्हणाली, "आणि कुणी तोंडच लावू शकणार नाही असा करून ठेवलात."

फ्राऊ सायडेल बाहेर निघून गेल्या. दोघीच उरल्या, तेव्हा वाइमारीने आपल्या अडखळण्याचं कारण सांगितलं. माओरी बोलली म्हणून तिच्या आईला शाळेत छड्या बसत. पोरीला तरी मार बसू नये, म्हणून आईने तिला भाषा शिकवलीच नाही. पुढे वाइमारीला मुलगी झाली. जिथे आज्या फक्त माओरीतच बोलतात अशा बालवाडीत तिने मुलीला घातलं आणि तिच्याशेजारी बसून स्वतःही शिकली.

"पोरांच्या मागे छोटे शब्द म्हणायचे. लाज वाटायची," ती म्हणाली.

उल्का हलकेच म्हणाली, "माझी मुलगी मला जर्मनमध्ये उत्तर देते. मीही मग जर्मनवरच येते. सोपं पडतं."

"आम्हालाही इंग्रजीवर येणं सोपंच पडलं होतं," वाइमारी म्हणाली.

मी मात्र मनातून खजील झाले. एवढ्या कष्टाने मिळवलेल्या भाषेला मी खोटं ठरवलं होतं!

मित्रांनो, त्यानंतर उल्काचं काँट्रॅक्ट संग्रहालयाने वाढवलं नाही. आता ती इथल्याच एका संगणकाच्या चिपच्या कारखान्यात नोकरी करते. पण जाण्यापूर्वी तिने माझ्या आतल्या पोकळीची क्ष-किरण चित्रं काढून गावाकडे पाठवली होती. त्यावरून तिकडे एक नवी बासरी घडवली गेली.

शेवटी संग्रहालय मला गावाला परत द्यायला तयार झालं. न्यायला वाइमारी आली, तेव्हा तिची मुलगी ती बासरी घेऊन आली होती. संग्रहालयाच्या अंगणात तिने ती वाजवली. मी बंद पेटीतून ऐकत होते. सूर माझ्यासारखा होता, पण माझा नव्हता. मला आनंद झाला आणि हेवाही वाटला. मला आता कुणीच वाजवणार नाही, हे मला ठाऊक आहे.

तेव्हा मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू जपायला घेतलीत, तर तिला काय लावताय ते तिच्या माणसांना आधी विचारा. आणि सूर असो की भाषा, जे माणसांच्या तोंडी असतं, ते तोंडीच राहू द्या. कपाटात ते टिकतं, पण मुकं होतं.