सोजरबाईच्या विहिरीची बाटली

जयसिंगच्या पदरात पडायचं होतं ते एवढं: मॅनेजरची काचेची केबिन, तिच्यातली फिरती खुर्ची, आणि विश्रांतवाडीच्या सासुरवाडीत पंगतीला पहिला पाट. त्यासाठी करायचं होतं तेही फार नव्हतं. एक लिटर पाणी भरायचं होतं.

हडपसरच्या कडेला तव्यांना न चिकटणारा लेप देणारा त्यांचा कारखाना. लेपातलं रसायन ना सडतं, ना उकळून जातं. म्हणून सांडपाण्यात ते किती जातं त्याचा अहवाल द्या, अशी सरकारची नवी अट आली. नमुना भरायचा कारखान्याच्याच केमिस्टने, म्हणजे जयसिंगने. चोरानेच पंचनामा लिहावा, तसं.

नमुना पास झाला तर मॅनेजरकी, असा मालक श्यामसुंदरशेठचा शब्द होता. कारखान्याच्या नाल्यातलं पाणी नापास होणार, हे त्याला पक्कं ठाऊक. नळाचं भरलं तर क्लोरीन सापडून बिंग फुटणार. हुशार माणूस, कुंपणापलीकडच्या सोजरबाईच्या विहिरीवर गेला. तिच्या ओट्यावर तो अकरा वर्षं चहा पीत होता. बादली तिनेच ओढून दिली.

"एवढंच? आरं, घागर ने की."

"पुरे, मावशी."

बाटलीवर त्याने नेटक्या अक्षरात लिहिलं: कारखान्याचं सांडपाणी.

अहवाल आला. मर्यादेच्या नऊपट.

श्यामसुंदरशेठ गालात हसले. "नाल्याचंच भरलंस होय? फारच सज्जन निघालास." जयसिंगने अहवाल घडी करून खिशात घातला. "आता माझ्या केबिनमधल्या जारचं भर. पहिली बाटली अस्वच्छ होती म्हणून कळव."

त्याने कळवलं. जार पास झाला. मग तो कुंपणापलीकडे गेला.

"मावशी, विहिरीचं पिऊ नका आता."

"का? मी उकळून पिते की."

"उकळून जात नाही ते."

सोजरबाईने चुलीवरच्या आधणाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "बाटली नेलीस, त्यात निघालं व्हय?"

त्याने मान डोलावली.

"मग कागद असंल. दे. तो दाखवला तर कारखाना टँकर तरी धाडंल."

कागद होता. त्यावर विहिरीचा उल्लेख नव्हता. होतं ते त्यानेच लिहून दिलेलं 'कारखान्याचं सांडपाणी', आणि तेही त्यानेच रद्द करवलेलं. तो चपला शोधू लागला. तिने आधण अंगणात ओतून दिलं.

शेठचं गेलं जारभर पाणी. जयसिंगचा चहा सुटला. मॅनेजरच्या केबिनमधून कुंपण दिसतं, म्हणून खुर्ची तो भिंतीकडे फिरवून बसतो. बाकीचं सगळं सोजरबाईने भरलं, आणि अजून भरते आहे: रोज दोन घागरी, चौकातल्या नळावरून, गुडघा धरत.