बगळ्याची होडी

तळ्यावर होडीत तासन्‌तास न हलता उभा राहायचा, म्हणून सगळे त्याला बगळा म्हणायचे. अर्धांगवायूनं त्याची उजवी बाजू गेली आणि उभं राहणं सोडाच, साधा घास तोंडापर्यंत न्यायलाही डाव्या हाताला शिकवावं लागलं. कितीतरी दिवस तो भिंतीकडे तोंड करून पडून होता. शेवटी एका सकाळी बायकोनं शेजाऱ्याला हाताशी धरून त्याला उचललं, होडीच्या मागच्या फळीवर नेऊन बसवलं आणि वल्ही स्वतः घेतली.

जाळी विणणं आणि मासळी विकणं हे तिचं काम. वल्ह्याला तिनं जन्मात हात लावला नव्हता. वल्हवणाऱ्याची पाठ पुढच्या पाण्याकडे असते, त्यामुळे तिला समोर दिसायचा तो फक्त नवरा. वाट बघायची ती त्यानं. हाताची कसर तो जड झालेल्या जिभेनं भरून काढायचा. वल्हं फार खोल घालतेस, पाणी नुसतंच उडवतेस, एक ना दोन. बोलणं अर्धंच कळतं, पण शिव्या मात्र पूर्ण कळतात, असं ती शेजारणीला सांगायची. तळहातांचे फोड फुटले, त्यांचे घट्टे झाले आणि होडी सरळ जाऊ लागली.

थंडीच्या तोंडावर एका दुपारी ती जाळं ओढत होती, तेवढ्यात वारा फिरला. बघता बघता तळं काळवंडलं आणि लाटा होडीत येऊ लागल्या. त्यानं जाळं कापायला सांगितलं. मासे लागलेलं, स्वतः विणलेलं जाळं कापताना तिच्या जिवावर आलं, पण तिनं सुरी चालवली आणि वल्ही धरली. तो डाव्या हातात डबा घेऊन पाणी उपसत राहिला.

काठ जवळ येईना. मग त्यानं डबा खाली ठेवला आणि चांगल्या हातानं आपला लुळा पाय उचलून होडीच्या कडेवर टाकला.

ती ओरडली, “काय करताय?”

“माझं ओझं गेलं तर तू पोचशील.”

तिनं दोन्ही वल्ही पाण्याबाहेर काढून आडवी ठेवली. होडी लाटेला आडवी झाली.

“अहो, पाठीमागचं मला दिसत नाही,” ती म्हणाली. “वाट सांगायची असेल तर सांगा. नाहीतर मीही इथंच बसते.”

एक लाट दोघांना भिजवून गेली. त्यानं तिच्याकडे पाहिलं, पाय ओढून आत घेतला आणि म्हणाला, “डावं ओढ. जोरात.”

त्यानंतर डावं, उजवं, याखेरीज तो काही बोलला नाही. आपला धक्का सोडून खूप लांब, लव्हाळ्यात होडी रुतली. काखेत हात घालून तिनं त्याला चिखलातून वर ओढलं. तिथंच तो रडू लागला. लग्नानंतर पहिल्यांदाच. ती शेजारी बसून राहिली. शेवटी शोधत आलेल्या शेजाऱ्यानं त्यांना घरी पोचवलं.

घरी तिनं पाणी तापवून त्याचे पाय धुतले.

“गरम आहे का?” त्यानं उजव्या पायाकडे बघत विचारलं. “मला कळत नाही.”

तिनं त्याचा डावा हात धरून पाण्यात बुडवला.

त्या दुपारबद्दल दोघं पुन्हा कधी बोलली नाहीत. थंडीभर तिनं नवं जाळं विणलं आणि त्यानं डाव्या हातानं दोरा ताणून धरला. ऊन तापू लागलं तशी दोघं पुन्हा पाण्यावर गेली.