भूशिरावरचा बाक

“दार दोन्ही हातांनी धर, नाहीतर वारा ओढून नेईल,” असे म्हणत ड्रायव्हरने बसचे तोंड समुद्राकडे केले आणि इंजिन बंद केले. भूशिरावर गाडी नेहमी वाऱ्याला सामोरी उभी करायची, पाठमोरी नाही, हा तिथल्या चालकांचा दंडक होता. मागून आलेल्या एका झोताने उघडे दार बिजागऱ्यांसकट गेलेले त्याने पाहिले होते.

“ठाऊक आहे हो. जन्मभर तेच तर ऐकतेय,” बायको हसत उतरली.

सहलीच्या बसवरची त्याची ही अखेरची फेरी. मालकाने आपण होऊन सांगितले होते, “काकूंना घेऊन जा, पुढची सीट त्यांची.” ज्या स्थळाचे वर्णन तिने वर्षानुवर्षे जेवताना ऐकले, ते आज ती प्रथमच डोळ्यांनी पाहत होती.

“चला ना,” ती शाल आवळत म्हणाली. “तुमच्या त्या बाकावर बसू. दोघं.”

“तू हो पुढे. गाडी सोडता येत नाही मला.”

“आज कोण रागावणार आहे तुम्हाला? क्लीनर आहे की गाडीजवळ.”

“नियम म्हणजे नियम.”

“लग्न माझ्याशी केलंत आणि संसार नियमाशी!” ती म्हणाली, आणि दुखरा गुडघा सांभाळत प्रवाशांमागून चढण चढू लागली.

नियम असा कोणताही नव्हता. नोकरीच्या आरंभी तो एकदाच त्या टोकापर्यंत गेला होता. वाऱ्याने त्याला आडवा पाडला. खाली पांढरा फेस उसळत होता. उठून उभे राहण्याचे धैर्य काही त्याला झाले नाही, आणि बसभर प्रवाशांच्या देखत तो रांगत परत आला. “ड्रायव्हरसाहेब, गिअर पडेना का?” कोणीतरी ओरडले होते. त्यानंतर त्याने बस कधी सोडली नाही. घरी बायकोने उत्सुकतेने विचारले, तेव्हा परतीच्या वाटेवर प्रवासी जे बोलत, तेच तो आपले म्हणून सांगू लागला. पुढे ती सवयच जडली. टोकावरचा दगडी बाकही असाच एका वृद्ध जोडप्याच्या बोलण्यातून त्याच्या घरी आला होता. वाऱ्याकडे पाठ करून बसले की कानांत एकदम शांतता होते, असे ती दोघे म्हणाली होती. बायकोला तो बाक सर्वांत आवडे.

“काकूंना एकट्यांनाच धाडलंत वर?” तो गाडीशेजारच्या टपरीवर टेकताच चहावालीने ग्लास पुढे केला.

“बाक आहे ना वर. बसेल निवांत.”

“कुठला बाक? दगडाचा होता तो?” चहावाली खळखळून हसली. “अहो काका, तो कधीच गेला समुद्रात! त्या मोठ्या वादळात कडाच ढासळला. माझं लग्नसुद्धा झालं नव्हतं तेव्हा. तुम्ही इतक्यांदा येता, आणि तुम्हाला माहीत नाही?”

त्याने चहा तसाच खाली ठेवला. अगदी परवाच, निवृत्तीचा विषय निघाला असता, मागच्याच फेरीत आपण त्या बाकावर घटकाभर टेकलो होतो, असे त्याने तिला सांगितले होते.

तो उठला. तिला गाठावे, ती टोकाला पोहोचण्यापूर्वी सगळे सांगून टाकावे, म्हणून तो चढणीला लागला. पहिल्या वळणावर कठडा संपला आणि समुद्र उघडा पडला. वारा छातीवर आदळला. त्याची बोटे कठड्याच्या शेवटच्या खांबाभोवती आवळली गेली, ती सुटेचनात. वर, टोकाशी, तिची शाल फडफडताना दिसत होती. ती उभी होती. इकडे तिकडे पाहत, काहीतरी शोधत उभी होती.

तो मागे फिरला.

ती आली तेव्हा केस विस्कटलेले होते, चेहरा खाऱ्या तुषारांनी ओला झाला होता. तो टपरीजवळ खाली मान घालून उभा होता. “अगं, मी…”

“बसले हो बाकावर,” ती त्याचे बोलणे तोडत म्हणाली. “तुम्ही सांगायचात ना, अगदी तस्सा आहे. पाठ फिरवली की कसं शांत वाटतं!”

चहावालीने काही बोलायला तोंड उघडले; मग तिने पुसलेला ग्लास पुन्हा पुसायला घेतला.

परतीच्या वाटेवर मुलीचा फोन आला. “हो गं, पाहिलं सगळं,” बायको त्याच्या पाठीमागच्या पहिल्याच सीटवरून बोलत होती. “तुझे बाबा म्हणायचे तसंच. पाणी एकीकडे हिरवं, एकीकडे काळं. आणि तो बाक…”

प्रवाशांचे बोलणे कान देऊन ऐकत गाडी हाकणे ही त्याची जुनी सवय. आज आपलेच शब्द मागून येत आहेत हे उमगताच त्याने खिडकीची काच पुरती खाली केली. वारा भणाणत आत शिरला.

तिने आवाज चढवला, आणि त्याला नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ती त्या बाकाविषयी सांगत राहिली.