दुसरबीडवालं वांगं

चाळीस वर्षं सत्यभामाबाई ते वांगं लावत आल्या. त्याला नाव काय, हे त्यांना कधी कोणी विचारलं नव्हतं. आज सकाळी सुनेच्या फोनवर निरोप आला आणि सारं त्या नावापाशीच येऊन अडलं.

अश्विनीनं महिनाभर खपून त्या वांग्यावर लेख लिहिला होता. इंटरनेटवर गावरान बियाण्यांचं एक विकी होतं, ज्याला जे ठाऊक ते त्यानं तिथं लिहावं. तिनं सारं मांडलं: जांभळ्या अंगावरच्या पांढऱ्या रेघा, देठाचे काटे, पिकून पिवळ्या पडलेल्या फळाचं बी राखेत घोळून ठेवायची सासूबाईंची रीत. वर नाव दिलं, ‘गावरान वांगं’. त्या विकीची देखरेख करणारे वामनराव, खामगावचे निवृत्त मास्तर, त्यांनी आता कळवलं होतं: ‘या नावाची सहा पानं झाली. तुमचं सध्या “गावरान वांगं ६” केलंय. लोकांच्या तोंडी असलेलं वेगळं नाव संध्याकाळपर्यंत कळवा. मनानं रचलेलं नको. नाहीतर सहाही पानं एकात मिसळावी लागतील.’

“सहा नंबर?” सत्यभामाबाई खुरपं टाकून उठल्या. “माह्या वांग्याले बिल्ला लावला का त्यानं?”

“मिसळलं तर आपलं कोणतं, हे कोणालेच उमजणार नाही, आत्याबाई,” सून म्हणाली.

“मिसळतो कसा? दुसऱ्या वांग्याचा वारा लागू देल्ला नाही मी त्याले!”

“मंग तुमचंच नाव देऊ? सत्यभामाबाईचं वांगं?”

“हट्! कोण म्हणते तसं? बी माह्या सासूनं देल्लं. मी काऊन मिरवू?”

दुसरबीडात चार घरी विचारावं तर सारं गाव हसलं. शेजारचे उकंडराव म्हणाले, “वांगं ते वांगं, पोरी. त्याचं काय बारसं घालतं?”

ऊन कललं तशी अश्विनीच्या जिवाला घोर लागला. सासूनं जन्मभर राखलेलं वाण आपल्या एका आळशी नावापायी गर्दीत हरवणार. शेवटी तिनं सुलतानपूरला, नणंदेला फोन लावला. पुष्पांजलीनं लग्नात पदराला बांधून ते बी नेलं होतं.

“ताई, त्या बियाची झाडं हायेत का अजून?”

“हायेत म्हंजे? अर्ध्या गावानं नेलं, वहिनी! आमच्या सासूबाई भरताले दुसरं घेतच नाहीत. म्हणतात, दुसरबीडवालंच आण.”

“काय म्हणतात?”

“दुसरबीडवालं. सारेच म्हणतात. मलेबी दुसरबीडवालीच म्हणतात ना!”

अश्विनी बांधावरच बसली. तिलाही या गावात नळावर, देवळात, दुकानात सारे संग्रामपूरवाली म्हणत. माहेरी, संग्रामपुरात मात्र ती नुसती अश्विनी. लेक गाव सोडते, पण गाव तिला सोडत नाही. नाव होऊन तिच्या मागोमाग चालत येतं.

तिनं नाव कळवलं. वामनरावांनी लगेच अडवलं: ‘तुमच्या दुसरबीडात असं कोणी म्हणतं का?’

‘ज्या गावचं, त्या गावात ते नाव नसतंच, सर. ते सासरी पडतं,’ तिनं लिहिलं, आणि पुष्पांजलीनं धाडलेले सुलतानपूरच्या चार बायकांचे आवाज खाली जोडले. चौघींच्या तोंडी एकच शब्द होता.

बऱ्याच वेळानं उत्तर आलं: ‘मान्य. इतका पक्का दाखला आजवर कोणी दिला नव्हता.’ पानाच्या माथ्यावर अक्षरं उमटली: दुसरबीडवालं वांगं.

अश्विनीनं ते मोठ्यानं वाचलं. अर्धं सुलतानपूर आपलं वांगं खातं, हे ऐकून सत्यभामाबाईंची मान अशी ताठ झाली की डोईवरचा पदर घसरला. तो सावरत त्या गुणगुणल्या:

लेक देल्ली परगावी, पदरात बियाची गाठ
तिच्या परसात निंगाली माह्या मळ्याची पायवाट

मग एकदम थांबून म्हणाल्या, “अन् बाकी पाच वांग्याइचं काय झालं?”

“ते अजून नंबरावरच हायेत.”

“मंग लिही ते पानं लिहिणाऱ्याइले. म्हणा, घरात बसून नाव नका शोधू. दिल्या घरच्या लेकीले इचारा.”