मी चावले, तरी आप्पा हसत राहिले

मी एक जुनी कोल्हापुरी चप्पल आहे. जोडीतली उजवी. जुनी म्हणते खरी, पण मित्रांनो, मी चालले ते फक्त चार दिवस. त्या चार दिवसांत मी काय करून बसले, ते सांगितल्यावाचून मला चैन पडत नाही.

माझा जन्म निपाणीजवळच्या एका गावातला. बाभळीच्या सालीत मुरलेले म्हशीचे कातडे आण्णाप्पा नावाच्या कारागिराने कापले आणि चामड्याच्याच वादीने शिवले. माझ्यात एकही खिळा नाही, आणि या गोष्टीचा मला फार तोरा होता. विकताना आण्णाप्पा बजावायचे, "दोन दिस तेल पाजा, मग घाला. न्हाईतर लई चावंल."

मला विकत घेतले कंग्राळीच्या मारुतीरावांनी. सगळे त्यांना आप्पा म्हणत. साठी उलटलेली, शेतात राबलेले अंग, आणि बारा वर्षांचा साखरेचा आजार. गोळी आठवली तर घ्यायची, नाहीतर राहिली. मुलाचे, साईराजचे, लग्न तोंडावर आले होते. लग्नघरात चपलेला तेल पाजायला कुणाला सवड? हळदीच्या सकाळी आप्पांनी मला तशीच कोरी पायात घातली.

मी चावले. आमची ती रीतच आहे. नवी चप्पल घालून लंगडणाऱ्या माणसाची आमच्या भागात हमखास चेष्टा होते. पण आप्पा लंगडले नाहीत. पाव्हणे कौतुकाने म्हणाले, "आप्पांचं पाय बघा! कोरी चप्पल, पर तोंड वाकडं न्हाय."

"शेतकऱ्याचं पाय हाईत," आप्पा हसले. "चप्पलच दमंल."

खोटे कशाला बोलू? मला राग आला. दुसऱ्या दिवशी मी करंगळीपाशी आणखी जोर लावला. तिसऱ्या दिवशी पट्ट्याखाली ओल लागली. घाम असेल, असे वाटले. पण ते रक्त होते.

मग मात्र मी घाबरले. मला चावता येत होते, सांगता येत नव्हते. लग्नात कितीतरी जण आप्पांच्या पाया पडले. पायांना हात लागत होते, पण पायांकडे कुणी पाहत नव्हते.

चौथ्या दिवशी नवी सून घरी आली. तेजस्वी तिचे नाव. आप्पांनी मला उंबऱ्याबाहेर काढले आणि ते दारातच उभे राहिले. तेजस्वी माप ओलांडून आत आली, त्यांच्या पाया पडायला वाकली, आणि वर उठलीच नाही.

"आप्पा, बोटांच्या मधनं रगत येतंय."

"कुंकू सांडलं असंल गं," सासूबाई जयाबाई घाईने म्हणाल्या. "ऊठ, लोक बघाल्यात."

"कुंकू न्हाय, आत्या. आप्पा, दुखत न्हाय व्हय?"

"अजिबात न्हाय!"

"म्हणूनच भ्या वाटतंय. माझ्या बाबांनाबी दुखत न्हवतं. पाय कापायची पाळी आली, तवा कळलं आमास्नी."

साईराजने तशीच गाडी काढली. तेजस्वीने मलाही पिशवीत घातले, डॉक्टरांना दाखवायला.

शहरातल्या कॅम्प भागातल्या डॉक्टरबाईंनी नायलॉनचा एक बारीक दोरा घेतला. "डोळे मिटा, आप्पा. दोरा पायाला लागला की सांगा."

आप्पा डोळे मिटून बसले. बराच वेळ गेला. "लावा की आता," ते म्हणाले.

"सहा ठिकाणी लावून झाला, आप्पा."

आप्पांनी डोळे उघडले. त्या चेहऱ्यावरचे हसू मी पहिल्यांदाच मावळलेले पाहिले. साखरेमुळे पायांच्या नसा बधिर झाल्या होत्या. ज्याला सगळे काटकपणा समजत होते, तो आजार होता. आणि करंगळीची कड काळी पडू लागली होती. बोट राहील की जाईल, हे बाईंनाही त्या दिवशी सांगता येईना.

दोन महिने मलमपट्टी चालली. बोट वाचले. मला ओसरीवरच्या खुंटीला टांगले गेले आणि आप्पांच्या पायांत मऊ, रुंद सँडल आल्या. घरातसुद्धा ते आता अनवाणी फिरत नाहीत. रोज संध्याकाळी तेजस्वी कोमट पाण्याचा अंदाज स्वतःच्या हाताने घेते, मग आप्पा पाय धुतात, बोटांच्या बेचक्या कोरड्या करतात, आणि ती उजेडात तळवे पाहते. सुनेपुढे तळवे करायचे म्हणून सुरुवातीला आप्पा संकोचाने पाय धोतरात ओढून घेत. आता हाक तेच मारतात. मला कुणी घालत नाही, याचे मला जराही वाईट वाटत नाही.

परवा आप्पांचे पाय पाहून झाले, तशा जयाबाई हळूच पुढे सरकल्या. "माझंबी बघ गं. मागल्या साली डाक्टरांनी मलाबी साखर हाय म्हणून सांगितलंय. मग लग्नाची गडबड लागली, म्हणून बोलले न्हाय कुणाला."

त्यांनी लुगडे जरा वर घेतले. टाचेवर रुपयाएवढा फोड होता.

"आत्या, हे कवा भाजलं?"

"कुठं भाजलंय?" जयाबाईंनी विचारले.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाला साखर असेल. आज घरी गेल्यावर त्यांना पाय दुखतात का, असे विचारू नका. पाय दाखवा, म्हणा.