मानेपाशी फुली

वायरमनच्या मनात दोन वर्षं एकच गोष्ट सलत होती. बायकोचा उजवा हात आणि पाय लुळा पडला, तेव्हा डॉक्टरने तिच्या मेंदूच्या फोटोवर डावीकडे बोट ठेवून इथे गुठळी अडकलीय म्हणून सांगितलं. साहेब, तुमची बाजू चुकतेय, असं वायरमन म्हणालासुद्धा. डॉक्टर घाईत होता. चौथ्या दिवशी बायको गेली. इलाज भलत्याच बाजूला झाला आणि आपण पुरेसं भांडलो नाही, हे त्याने कुणाला सांगितलं नाही. मुलीला तर नाहीच.

मुलगी नर्सिंग शिकत होती. परीक्षेत तिला मज्जासंस्थेचं मॉडेल दाखवायचं होतं. वायरमनने ते काम हौसेने अंगावर घेतलं. प्लायवूडचा माणूस कापला. डोक्यात डावं-उजवं बटण, पाठीतून जाड केबल, तिच्यातून हातापायांकडे बारीक वायरी, टोकांना दिवे. मेंदू म्हणजे मेन बोर्ड आणि मज्जारज्जू म्हणजे मेन लाइन, हे त्याला एका दमात पटलं. वायरींना सोल्डरचा डाग देताना तापलेलं टोक बोटाला लागलं आणि हात आपसूक मागे आला. मुलगी म्हणाली, हा हुकूम मज्जारज्जूनेच दिला, मेंदूला खबर नंतर पोचली.

"म्हणजे साहेबाला न विचारता फ्यूज काढला," तो खूश होऊन म्हणाला. "आमच्यात यावर मेमो मिळतो."

परीक्षेच्या सकाळी तिने डावं बटण दाबलं. डावा हात-पाय उजळला. ती स्टुलावर बसलीच.

"बाबा, मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते."

वायरमन हसत सुटला. असलं वायरिंग करणाऱ्याला आपण शिडीवरून खाली उतरवू, म्हणाला. मुलीने पुस्तक उघडून समोर धरलं. डोकं संपून मान सुरू होते, तिथे वायरींची चक्क फुली होती. डाव्या उजवीकडे, उजव्या डावीकडे. त्याने चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"सगळ्यांच्यात असंच?"

"सगळ्यांच्यात."

"तुझ्या आईच्यातही?"

मुलगी त्याच्याकडे बघतच राहिली. मग दवाखान्यात तो डॉक्टरला बाजूवरून काय म्हणाला होता, ते तिला आठवलं.

"आईच्यातही, बाबा. डॉक्टरने बरोबर बाजू धरली होती."

त्याने पुस्तक मिटून ठेवलं. मग म्हणाला, त्या डॉक्टरला मी दोन वर्षं रोज शिव्या घातल्या, औषधासारख्या, जेवणानंतर दोनदा. मुलीला हसू आलं आणि तिने नाकही पुसलं.

त्याने पक्कड घेतली, मानेपाशी दोन्ही वायरी तोडल्या आणि आडव्या जोडल्या. इतकं वाकडं काम त्याने जन्मात केलं नव्हतं. नीट टेप गुंडाळून त्याने डावं बटण दाबलं. उजवा हात-पाय उजळला.

बटणावरचं बोट त्याने काढलं नाही. मुलीला उशीर होत होता, पण तिनेही घाई केली नाही.